खात्रीलायक गोटा

१९९६ साली मी त्रेसष्ट वर्षांचा होतो, आणि त्या वयात एका नागानं माझं दुकान ओस पाडलं. नाग काचेतला होता. सोडणारा माणूस मात्र हाडामांसाचा, मनोहर बोंगाळे.

हा बोंगाळे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलंसुद्धा ऐकीव करून सांगायचा. झब्ब्यावर चहा सांडला तर उठून पुसायचं सोडून म्हणायचा, "चहा सांडला असल्याचे खात्रीलायक गोटातून समजते." सांगलीच्या एका साप्ताहिकात 'बटणबहाद्दर' नावाचं त्याचं सदर होतं. कुठल्या पार्लरात कुठला व्हिडिओ गेम चांगला, कुठला टाकाऊ, ते तो लिहायचा. पोरं ते वाचून कुठं जायचं ते ठरवायची.

मी औंधाकडचा. चौथीत शाळा सोडली, फौजेत गाडी चालवली, पेन्शनीत आलो. पोरानं विश्रामबागेत पत्र्याच्या गाळ्यात गेमची दोन मशीनं टाकली आणि स्वतः पुण्याला नोकरीला गेला. तवापासून गाळा माझा. कुणाच्या हाताकडं बघून जगायची मला सवय नाही, आणि तो गाळा होता तोवर तशी वेळ आली नव्हती.

बोंगाळे पहिल्यांदा गाळ्यावर आला तो थेट स्टुलावर बसला आणि बोटं मोडली.

"आम्ही पत्रकार."

"बसा की. टोकन घ्या आन् बसा."

"पत्रकाराला टोकन?"

"फौजेत सायेब लोक बी मेसचं बिल भरत्यात."

गेला तरातरा. पुढच्या अंकात काय? तर स्टेशनजवळच्या पार्लरातला गेम म्हणे 'संस्कारक्षम'. त्या गेमात दोन उघडे गडी एकमेकांचे दात पाडतात. पण तिथला मालक याला मलई घातलेलं मसाला दूध पाजायचा, साऱ्या गावाला माहीत होतं. दुधात बुडवून काढल्यावर दात पाडणं हा बी संस्कार! आणि खाली माझ्याबद्दल: 'विश्रामबागेतील एका पार्लरमधील गेमात नागाचा वध करावा लागतो. शिराळ्याकडील एका मुलाने तो केला व त्याचा उजवा हात लुळा पडला, असे खात्रीलायक गोटातून समजते.'

शिराळा म्हणजे नागपंचमीचं गाव. तिथल्या नागाची बातमी आमच्या भागात कोण खोटी म्हणणार? आया येऊन पोरांना बखोट धरून न्यायला लागल्या. एक बाई मलाच म्हणाली, "आवं आप्पा, तुमाला नातवंडं न्हाईत व्हय?" पुढच्या अंकात, माझ्या काचेतून डोळे घालवणारे किरण निघतात. त्याच्या पुढच्यात, माझा गाळा बंद होणार असल्याचे कळते. कुणाला कळतं? मला तर कळलं नव्हतं! पण गिऱ्हाईकच येईना, तेव्हा तेवढं एक त्याचं खरं होणार असं दिसायला लागलं.

शाळा चौथीची असली तरी मला वाचता येतं. आमच्याकडं गोठ्याला गोटाच म्हणतात. मी सरळ अर्थ लावला: याचा कुठंतरी गोठा आहे आणि तिथं बसून कोणतरी हे सगळं सांगतं. म्हटलं, गोठा गाठायचा आणि सांगणाऱ्याचं नरडं धरायचं. दुपारी सायकल काढली आणि थेट बोंगाळेच्या घरी गेलो.

बोंगाळे बनियनवर दारात आला.

"गोटा कुठाय?"

"कसला गोठा?"

"खात्रीलायक! त्यातनं तुमाला समजतं त्यो!"

तो पोट धरून हसला. "आप्पासाहेब, गोट म्हणजे गोठा नव्हे हो. गोट म्हणजे आतली मंडळी. माहितगार."

"मग मंडळी दावा."

हसणं थांबलं.

"शिराळ्याचं पोरगं दावा. लुळा हात दावा. ह्ये सांगणारा एक तरी माणूस दावा!"

"मंडळी नाहीत," तो म्हणाला.

"मग कशापायी लिवलं?"

"खरं लिहिलं की लोक वाचून बाजूला ठेवतात. असलं काही लिहिलं की चौकात थांबवतात. बोंगाळे, आतली बातमी काय, म्हणून विचारतात. बसवून घेतात."

"तुमाला बसवून घ्यायला माझ्या गाळ्याला कुलूप व्हय रं?" मी असा ओरडलो की शेजारच्या खिडक्या उघडल्या. तेवढ्यात घरामागून गेमचं टुंगटुंग ऐकू आलं. मी त्याला बाजूला सारून मागं गेलो.

मागं खरोखरचा गोठा होता! गव्हाण, खुंटा, सगळं. म्हैस तेवढी नव्हती. गव्हाणीवर लहान टीव्ही, त्याला टीव्हीगेम जोडलेला. एक रिमोट स्टुलावर, दुसरा घडी घातलेल्या गोधडीवर. पडद्यावर दोन गडी उभे.

"ह्यो दुसरा कुणाचा?"

"आईचा. मागच्या वर्षी गेली. शेजारी बसायची. तिला खेळ कळायचा नाही. बटण दाबायचीच नाही, नुसतं धरून बसायची. माझा लढायचा, तिचा उभा."

"आन् आता?"

"लावून ठेवतो. एकट्याचा खेळ लावला की पडद्यावर एकच माणूस येतो हो."

पहिल्यांदाच त्यानं कुठल्या गोटाचं नाव न घेता काही सांगितलं.

माझा राग गेला नाही. आजही नाही. आई सगळ्यांचीच जाते, म्हणून कुणी दुसऱ्याच्या पोटावर नाग सोडत नाही. हे मी त्याला तोंडावर सांगितलं. वर म्हणालो, "उद्या सकाळी गाळ्यावर या. सगळ्यांदेखत त्यो नाग मारा. हात लुळा पडला तर मी आपल्या हातानं कुलूप घालतो. न्हाई पडला तर तसं छापायचं. गोट न्हाई, समजतं न्हाई. 'मी मारला', आसं."

"मी मारला," तो हळूच म्हणाला, नवी चप्पल पायात घालून बघावी तसा. पुढं त्यानं ते छापलंही, 'मी' जरा जाड अक्षरात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर शटर वर केलं आणि नागाच्या मशीनपुढं दोन स्टुलं ठेवली. बोंगाळे इस्त्रीच्या झब्ब्यात आला आणि न मागता टोकन घेतलं. भाजीला निघालेल्या बाया कोपऱ्यावर थबकल्या. एका टोकनात पडद्यावर एकच माणूस येतो, म्हणून मी दुसरं टोकन काढलं, त्याचे पैसे माझ्याच गल्ल्यात टाकले, आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या मशीनपुढं बसलो. फणा काढून नाग आला. बोंगाळेनं आपला गडी पळवत आणून माझ्या गड्यापुढं उभा केला. मी बटण दाबलं नाही. नुसती दांडी धरून बसलो.