तीन दिवसांची पिशवी

पालमच्या आमच्या गल्लीतल्या कुणाला दवाखान्यात हलवलं, की डॉक्टर काय म्हणाले हे लोक मागाहून विचारत. आधी विचारत, "बाबारावकाकांनी पिशवी किती दिवसांची दिली?"

बाबारावकाका आमचे शेजारी. सारी नोकरी एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून केली. गाड्यांच्या वेळा लिहिता लिहिता त्यांचा एक सिद्धांत पक्का झाला, "उशीर धरून चालायचं." पेशंटला सलाइन मिळतं, डॉक्टरला चहा मिळतो, उपाशी मरतो तो पेशंटजवळ बसणारा, असं त्यांचं म्हणणं. म्हणून जीप ठरून दारात येईस्तोवर काकांचा तवा तापलेला असे. दुधात भिजवलेल्या दशम्या आधी खायच्या, मग कडक भाकरी आणि कारळाची चटणी, शेवटी सातूचं पीठ, गुळाच्या पाण्यात कालवून. कुठल्या दिवशी काय, याचं वेळापत्रक पिशवीला टाचलेलं.

हे सगळं ते स्वतः करत. दशमी तव्यावरून काढली की फडक्यावर पसरून वर्तमानपत्रानं वारा घालत बसत. "वाफ कोंडली की बुरशी आलीच म्हणून समज." चटणीच्या बरणीत ओला चमचा घालणारा त्यांच्या लेखी माणसातून उठलेला. सख्ख्या मेव्हण्याशी दोन वर्षं अबोला होता, तो ओल्या चमच्यापायी. गिरिजाकाकू हसून म्हणायच्या, "मी ह्या घरात नुसती चव बघायला हाय बाई."

पिशवीतही काका उशीर धरत. डॉक्टर दोन दिवस म्हणाले, की काका पाच दिवसांचं बांधत. गल्लीनं त्यावरून आपलं शास्त्र बनवलं. पाच दिवसांची पिशवी म्हणजे साधं दुखणं, आठ दिवसांची म्हणजे ऑपरेशन, आणि त्याहून जड दिसली की बाया पदर डोळ्यांना लावत. एकदा किराणा दुकानातल्या म्हाताऱ्याबरोबर दहा दिवसांची पिशवी गेली, तर जीप हलायच्या आत त्याच्या सुनांनी गळा काढला. म्हातारा दोन दिवसांत परत आला. पोटात नुसता गॅस धरला होता. पुढं आठवडाभर तो ओट्यावर बसून सातूचं पीठ खात होता आणि गल्लीला शिव्या देत होता.

काकू वारल्या त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून काकांची पिशवी लहान झाली. पेशंट कुणीही असो, दुखणं काहीही असो, तीन दिवसांची. लोक म्हणाले, एकटा माणूस, हात चालत नसतील. मलाही तसंच वाटलं.

यंदा माझ्या आईच्या छातीत दुखायला लागलं आणि तिला नांदेडला न्यायचं ठरलं. जीपमध्ये बसल्याबरोबर आईनं पिशवी चाचपली.

"किती दिसांची हाय?"

"तीनच हाय वहिनी," काका म्हणाले.

आईचा चेहरा सैल झाला. मी मात्र मनातून चिडले. इथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन दहा दिवस तरी लागतील म्हणून सांगितलं होतं, आणि ते मी काकांच्या कानावर घातलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्याच्या जिन्यात काका उभे. हातात नवी पिशवी, तिला तसाच कागद टाचलेला.

"संपत आलं असंल."

"काका, एवढ्या लांब एसटीनं आलात? एकदाच दहा दिवसांचं बांधलं असतं तर?"

ते पायरीवर बसले. "तुझ्या काकूला बी नांदेडलाच आणलं होतं. मी पंधरा दिसांचं बांधलं. उशीर धरून. जीपमधी तिनं पिशवी उचलून बघितली. म्हणली, एवढे दिस? मंग वाटभर बोलली न्हाई. चौथ्या दिशी गेली."

"पिशवीनं असं होतं का कुठं काका?"

"डॉक्टर बी तेच म्हणले. पर तिचं तोंड मी बघितलंय ना पोरी." पिशवीचा कागद नीट करत ते म्हणाले, "राहिलेलं घरी येऊन एकट्यानं खाल्लं. टाकून कसं द्यावं? शेवटच्या दिसापर्यंत काईच खराब झालं न्हाई."

मला फार लाज वाटली. काकू आमच्याच गल्लीतल्या. पिशवीचं शास्त्र त्यांनाही पाठ होतं, आणि ते आम्ही हसत हसत बनवलं होतं.

आई अकराव्या दिवशी घरी आली. तोवर काकांच्या नांदेडच्या तीन फेऱ्या झाल्या होत्या. जिन्यातलं बोलणं मी आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पडल्या पडल्याच म्हणाली, "दुधात दशम्या कर अन् काकांना नेऊन दे."

"किती दिवसांच्या करू?"

"आजच्यापुरत्या. म्हंजी उद्या परत जाता येतंय."

काकांनी दशम्या-चटणीचं पुडकं हातात घेतलं. "चटणी काढताना चमचा कोरडा होता ना?"

"आजच खायचंय काका. एकाच दिवसाचं आहे."

त्यांनी सवयीनं फडकं पसरलं, दशम्या त्यावर मांडल्या, वारा घालायला वर्तमानपत्र उचललं. मग ते बाजूला ठेवलं आणि गरमच खायला बसले.

दुसऱ्या घासाला मान वर करून त्यांनी विचारलं, "अन् उद्या?"

"उद्या येते ना," मी म्हटलं.