चव पाहणारा उकंडा

रमजानच्या महिन्यात गफ्फारच्या रस्स्यात मीठ बरोबर पडलं की नाही, हे ठरवायचा अधिकार अख्ख्या कळंबात एकाच माणसाला होता, आणि तो माणूस शिंपी होता.

गफ्फारच्या हॉटेलच्या पाटीवर ‘फॅमिली रेस्टॉरंट’ असं लिहिलेलं असलं, तरी त्यातली फॅमिली मुख्यतः चुलीपाशीच असायची. गफ्फार, त्याची बायको अमिनाबी आणि मुलगी नसरीन. तिघांचेही रोजे. मग रस्सा चाखायचा कोणी? जिभेच्या टोकावर थेंब ठेवून थुंकून टाकला तर चालतं, असं मौलवीसाहेबांनी सांगून पाहिलं होतं. पण गफ्फारचा स्वतःच्या जिभेवर भरवसा नव्हता. एकदा रस्सा लागला की ती माझं ऐकणार नाही, म्हणायचा. म्हणून उन्हं उतरली की शेजारचा उकंडा शिलाई मशीन थांबवून यायचा. गळ्यात टेप तसाच. चमचाभर रस्सा तोंडात घ्यायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, “जमलं.” हॉटेल सुरू झाल्यापासून हा रिवाज कधी चुकला नव्हता.

त्या वर्षी पहिल्याच रोज्याच्या दिवशी मात्र जमण्यासारखं बरंच काही होतं. मुकुटबनहून फिरोजच्या घरची मंडळी इफ्तारला येणार होती. फिरोजचं तिथे गॅरेज होतं, तो नसरीनला मनापासून आवडला होता, आणि आता अडलं होतं ते फक्त त्याच्या अब्बांच्या होकारापाशी. मुलीच्या घरचं जेवल्याशिवाय आपण शब्द देत नाही, असं ते सगळ्यांना सांगत फिरत. गफ्फार सकाळपासून रस्स्याच्या देगीपाशी उभा होता. मसाला त्याने स्वतः वाटला होता, कुणाला हात लावू दिला नव्हता.

उकंडा आला. चमचा तोंडात गेला, डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा चेहरा पडलेला होता.

“गफ्फार, खारट लागून राह्यलं बावा.”

गफ्फारचा हात मिठाला आजवर चुकला नव्हता. त्याने अमिनाबीकडे पाहिलं. तिला एकदम आठवलं की आपणही बहुतेक मूठभर टाकलं. नसरीनला विचारलं तर तिला आज सकाळपासूनचं काहीच नीट आठवत नव्हतं. तिघांनी मिळून घोळ केला, यावर कुणाला शंकाच उरली नाही.

बटाटे सोलून सोडले. उकंडाने चाखलं. अजून खारट. कणकेचे गोळे सोडले. अजून खारट. मग पाणी ओतलं, रस्सा पातळ झाला, म्हणून शेजारच्या पातेल्यात बिनमिठाचं मटण शिजवून त्यात मिसळलं. देग काठोकाठ भरली. तिकडे दारात मुकुटबनची गाडी येऊन थांबली. गफ्फारने चमचा पुढे केला. उकंडाने दाराकडे पाहिलं, मग गफ्फारकडे, आणि तो म्हणाला, “आता जमलं.”

अजान झाली. खजूर झाले, सरबत झालं, रोटी मोडली गेली. गफ्फारने पहिला घास घेतला आणि तो तसाच थांबला. रस्सा नव्हताच तो. मटण धुतलेलं पाणी बरं लागलं असतं. समोर फिरोजचे अब्बा मान खाली घालून सावकाश चावत होते. नसरीन पडद्याआडून पाहत होती.

“उकंडा,” गफ्फार हळूच म्हणाला, “हे खारट होतं?”

कोपऱ्यात बसलेला उकंडा टेपशी चाळा करू लागला. मग त्याने खरं सांगितलं. थंडीपासून डॉक्टरने बीपीसाठी त्याचं मीठ बंद केलं होतं. त्याची बायको सत्यभामा चिमूटभरही पडू देत नव्हती. “आता मले चहाबी खारट लागते,” तो म्हणाला.

“मंग सांगतलं काहून नाही?”

“सांगतलं असतं, तं तुनं दुसऱ्याले बलावलं असतं.”

गफ्फारला रागवायचं होतं. पोरीच्या सोयरिकीचा प्रश्न होता, रागवायला हवंच होतं. पण राग काही येईना. तो पाहुण्यांची माफी मागायला उठला, तेवढ्यात फिरोजच्या अब्बांनी मिठाची वाटी जवळ ओढली, आपल्या ताटात मीठ भुरभुरवलं आणि वाटी शेजारी बसलेल्याकडे सरकवली. वाटी पंगतभर फिरली. पुन्हा एक घास खाऊन ते जरा विचारात पडले.

“मसाला एक नंबर हाय,” ते म्हणाले. “मंगनी ईदनंतर करू. तवा तुम्ही सोता चाखसान.”

पडद्याआड बांगड्या वाजल्या.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरली तरी शेजारचं मशीन थांबलं नाही. गफ्फारने वाट पाहिली, मग स्वतः जाऊन उकंडाला हाताला धरून आणलं. मागोमाग सत्यभामाही आली. देगीतला रस्सा तिने चाखला आणि मीठ थोडं कमी असल्याचं सांगितलं. तिच्या शब्दावर मीठ पडलं. उकंडा भिंतीशी अंग चोरून उभा होता.

तेव्हा गफ्फारने चुलीच्या कडेवरचं एक लहान पातेलं पुढे ओढलं. मसाला तोच, मीठ अजिबात नाही. चमचा भरून त्याने उकंडापुढे धरला. उकंडाने तोंडात घेतला, नेहमीसारखे डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

“थोडकं खारट हाय,” तो शेवटी म्हणाला.

गफ्फारने टोपलीतून एक बटाटा उचलला, नीट सोलला आणि त्या लहान पातेल्यात सोडला.