वाजणारा कोळसा

शेजाऱ्याचं खत शेगडीत पेटवून त्यावर मी वांगी भाजली, आणि वर वाटीभर भरीत त्यालाच नेऊन दिलं. तेव्हा मी जेमतेम पासष्टची होते. कोवळं वय, अक्कल यायची होती.

हा शेजारी म्हणजे सुखरामभाऊ. अंगणात बसून कोळशाचा एकेक तुकडा कानाशी धरायचा आणि नखाने टिचकी मारायचा. काचेसारखा वाजला की पोत्यात, बद्द वाजला की परत ड्रममध्ये. ड्रम तेलाचा, जुना. त्यात वाळका बांबू भरायचा, धुरापुरतं भोक ठेवून झाकण शेणामातीने लिंपायचं, खालून तुराट्यांचा जाळ.

"बांबू जाळून राहिला का?" असं कोणी विचारलं की बिघडलाच. "जाळून नाही, कोंडून भाजून राहिलो! जाळलं का राख, कोंडलं का कोळसा."

तो कोळसा कुटून, शेणकाल्यात भिजवून धानाच्या बांधीत, खाचरात, खत म्हणून टाकायचा होता. भिजवायचा कशाला? "उपाशी कोळसा टाकला का तोच धानाचं जेवण खाते." बायको गेल्यापासून माणूस असा झाला, असं आम्ही बायांनी ठरवून टाकलं होतं. हसायचो. मी सगळ्यांत मोठ्याने.

त्या दिवशी व्याही अचानक आले आणि गॅस संपला. मी सुखरामभाऊच्या ओट्यावरचं पोतं न विचारता ओढत आणलं. काय निखारा! धुराचं नाव नाही. आमच्या तालुक्याच्या, गोरेगावच्या बाजारातली वांगी लोण्यासारखी झाली.

भरीत चाखून त्याने विचारलं, "कायच्यावर भाजलं, वयनी?"

"तुझ्याच कोळशावर!" मी तोऱ्यात. "एवढं सोनं मातीत कायले घालून राहिला?"

त्याने वाटी खाली ठेवली. घरामागे बघत राहिला. तिथलं बांबूचं बेट त्याच्या बायकोने, कौतिकाबाईने, लग्नाच्या वर्षी लावलेलं. त्याचे कोवळे कोंब, वास्ते, ती गावभर वाटायची. त्या वर्षी बेटाला फुलोरा आला आणि, बांबू फुलला की मरतोच, तसं ते उभंच्या उभं वाळलं.

"राख दोन पावसात वाहून जाते," तो म्हणाला. "कोळसा मातीत नातवंडाईच्या नातवंडाईवरी राहते. म्हणून तिच्या बेटाची एक कांडी बी उघड्यावर जाळली नाही मी."

मला कुठे लपू असं झालं. त्याने वाटी पुन्हा हातात घेतली, बोटाने पुसून संपवली आणि म्हणाला,

"राहू द्या, वयनी. ती बी अशीच, कोणाकडे पाहुणे आले का तिथं राबाले धावे. पण उरलेलं पोतं आणून द्या. संध्याकाळ होऊन राहिली, आता तिले घरी आणाचं हाय."