मिशीवरची पैज आणि तीन डबे

पैज मिशीवर लागली. बालाघाटच्या कचेरीतून रिटायर झालेल्या प्रभाकररावांनी टॉवरशिवाय मॅसेज पाठवणारे रेडिओचे तीन डबे मागवले होते. बारीक बटणांचा एक स्वतःच्या हातात, दुसरा वाटेतल्या राईस मिलच्या टाकीवर, तिसरा वारासिवनीला मेव्हणी अनुसयाच्या घरी. या डब्यानं त्या डब्याला सांगायचं, मॅसेज तिन्ही डब्यांवर दिसायचा, रिचार्जची भानगड नाही. महिनाभर गल्लीनं दुसरं काही ऐकलं नव्हतं.

"बारापर्यंत वारासिवनीले मॅसेज पोचला त मी मिशी काढतो," शेजारचा घनश्याम म्हणाला. "नाही पोचला त तुमची."

प्रभाकररावांची मिशी चाळीस वर्षांची. कचेरीत लोक साहेबापेक्षा तिलाच घाबरत. तरी ते हौ म्हणाले, बायकोला, अहिल्याबाईंना, सकाळच्या बसनं बहिणीकडे धाडलं आणि लबाडीचा संशय नको म्हणून आपला फोन घनश्यामच्या खिशात टाकला.

दहाला पहिला मॅसेज गेला. पोचला का, उत्तर दे. उत्तर नाही. साडेदहा झाले, अकरा झाले. गच्चीवर गल्ली जमली. प्रभाकरराव मिशीवर शेवटचा फिरवावा तसा हात फिरवू लागले.

"जातच नाही त मनातलं लिहा न," घनश्याम म्हणाला. "कोण वाचून राह्यलं?"

हे त्यांना पटलं. डबा चालू करायची अक्कल तुम्हा दोघी बहिणींत मिळून अर्धी आहे, असं त्यांनी लिहिलं. अनुसयाची भाजी तीस वर्षं औषध समजून गिळतो, असं लिहिलं. मग सासुरवाडीचा एकेक माणूस घेतला. नऊ मॅसेज झाले. फार हलकं वाटलं.

पावणेबाराला घनश्यामच्या खिशातला प्रभाकररावांचा फोन वाजला. अनुसया. त्यानं स्पीकर लावला.

"दाजीले सांगा, सारे भेटले. ताई म्हणे उत्तर नोको देऊ, माणूस खुलून राह्यला. मिलमधले हमालबी वाचून राह्यले. जेवाले या म्हणा, औषध तयार हाय."

घनश्यामनं मान खाली घातली. "हारलो भाऊ. चला न्हाव्याकडे."

प्रभाकरराव जिंकले होते. त्यांना घाम फुटला.

"माहा एकबी मॅसेज गेला नाही," ते फोनकडे तोंड करून म्हणाले. "डबाच भंगार हाय. कोणी दुसऱ्यानं लिहिलं असन."

"म्हणजे तुम्ही हारले?"

प्रभाकररावांनी मिशी एकदा कुरवाळली. "हौ."

भर चौकात, पानठेल्यासमोर, न्हाव्यानं खुर्ची टाकली. गल्लीनं फोटो काढले. डावी बाजू उतरली, तोच मांडीवरचा डबा वाजला. अहिल्याबाईंचा पहिला मॅसेज.

'मिशी ठेवा. मले धराले लागन.'