नाव जर्सीच्या पाठीवर

माणूस जन्माला येतो तेव्हा त्याला नाव नसतं, आणि नावावाचून त्याचं काहीएक अडत नाही. दूध पिणं, झोपणं, कपडे ओले करणं ही सर्व कामं निनावीपणे सुरळीत चालतात. अडतं ते निमंत्रणपत्रिकेचं. म्हणून समंजस घरांत आधी पत्रिका छापतात आणि वेळ उरलाच तर नाव ठेवतात.

या घरात मात्र नाव आधीच ठरलं, आणि तिथेच घोळ झाला. ते शोधलं थोरलीनं. थोरली म्हणजे बाळाची ताई, इयत्ता नववी, शाळेच्या फुटबॉल संघाची गोलरक्षक. अडीच महिन्यांत तिनं वहीत दोनशे अकरा नावं लिहिली आणि दोनशे दहा खोडली. उरलेलं एक आईबाबांना ऐकवलं, तर ते दोघांनाही एकाच वेळी आवडलं. (घराच्या इतिहासात असं यापूर्वी फक्त पडद्यांच्या रंगाबाबत घडलं होतं.) पत्रिकाही तिनंच कॉम्प्युटरवर करायची असं ठरलं. तिची अट एकच: नाव ठसठशीत हवं, चांगलं चार सेंटिमीटर उंच. पाहुण्यांनी पत्रिका हातात घेतली की पहिलं तेच वाचायला हवं.

बाबांचीही एकच अट होती. "पत्रिका खेळाची पाहिजे. फुगे आणि बदकं काय, सगळेच छापतात."

यात गैर काहीच नव्हतं. ज्या जिवानं अजून मानसुद्धा धरलेली नाही, त्याच्यासाठी खेळाइतका समर्पक विषय दुसरा कोणता? प्रश्न एवढाच, की खेळ कोणता. बाबा क्रिकेटवाले. मामा पेशानं दातांचा डॉक्टर, पण जीव फुटबॉलमध्ये. आत्या बॅडमिंटन खेळते आणि हरत नाही. बोलण्यात तर नाहीच नाही. जेवणाच्या टेबलावर समिती बसली.

"दाजी, फुटबॉल अख्ख्या जगाला कळतो," मामा म्हणाला.

"अख्खं जग येणारे का? खुर्च्या चाळीस आहेत."

"भांडा तुम्ही," आत्या म्हणाली. "राणी, तू एक शटल टाक गं कोपऱ्यात. छोटंसंच."

छोटंसंच शटल पडलं. त्याच्याशेजारी क्रिकेटचा चेंडू केविलवाणा दिसू लागला म्हणून तो वाढवला, मग फुटबॉल त्याहून लहान कसा चालेल? अखेर तिन्ही खेळ सर्वानुमते मंजूर झाले. (सर्वानुमते म्हणजे आई बाळाला घेऊन आत निघून गेल्यावर.)

आठ दिवसांत अकरा मसुदे झाले. नावाच्या उंचीची नोंद थोरलीनं त्याच वहीत ठेवली. पहिला मसुदा: चार सेंटिमीटर. तिसरा: अडीच, कारण मध्ये स्टंप उभे राहिले. पाचवा: एक. पत्रिका म्हणजे सामन्याचं तिकीटच असावं, हे बाबांना दाढी करताना सुचलं, आणि तिकीट म्हटल्यावर आसन, रांग, प्रवेशद्वार क्रमांक दोन हे आलंच. (घराला दार एकच आहे.) सातवा: अर्धा. मामाच्या दवाखान्याला 'अधिकृत दंत-भागीदार' हा मान देण्यात आला. बाळाला दात नाहीत, ही किरकोळ हरकत मामानं "येतील की!" म्हणून निकालात काढली. नवव्या मसुद्यात नियमावली आली आणि नाव मुगाच्या दाण्याएवढं झालं. नियम चार: 'खेळपट्टी ओली झाल्यास सामना दहा मिनिटं थांबवण्यात येईल.' हा आईनं सुचवला होता. अख्ख्या पत्रिकेत अनुभवावर बेतलेलं वाक्य तेवढं एकच. खाली संघ: कर्णधार बाबा, प्रशिक्षक आई, व्यवस्थापक आत्या, वैद्यकीय पथक मामा. राखीव, थोरली.

"राखीव?"

"अगं, राखीव खेळाडू फार महत्त्वाचा असतो," बाबा म्हणाले. "गरज पडली की लगेच बोलावतात."

अकराव्या मसुद्यात मधोमध बाळाचा फोटो बसला. अंगात जर्सी, बाळ उताणं, दोन्ही मुठी आवळलेल्या. नाव कुठेच नव्हतं.

"बाबा, नाव गेलं."

बाबांनी कागद लांब धरला, जवळ धरला. मग एकदम खुलले. "जर्सीवर नाव कुठे असतं?"

"पाठीवर."

"मग टाक की पाठीवर!"

"अहो बाबा, पण बाळ उताणं आहे!"

"पालथं पडायला लागलं की दिसेल," मामा म्हणाला. "चौथ्या महिन्यात पडतात. मी डॉक्टर आहे."

(फोटोतलं बाळ कितव्या महिन्यात पालथं पडतं, याबाबत दंतवैद्यक गप्प आहे.)

छपाईवाल्या काकांनी मात्र चष्म्यावरून पाहिलं. "यात नाव कुठंय?"

"पाठीवर," थोरली म्हणाली.

काकांनी कार्ड उलटलं. "कोरी आहे की पाठ."

"कार्डाच्या नाही हो. जर्सीच्या."

बत्तीस वर्षं पत्रिका छापणारा माणूस. त्यांनी प्रती किती काढायच्या, तेवढं विचारलं.

समारंभ थाटात झाला. ठरल्याप्रमाणे थोरलीनं पाळण्याशी उभं राहून खणखणीत आवाजात नाव उच्चारलं. ठरल्याप्रमाणेच त्या क्षणी बाबांनी शिट्टी फुंकली, आत्यानं टाळ्या सुरू केल्या आणि मामा "गोऽऽल!" म्हणून ओरडला. नाव ऐकू गेलं ते बाळाला. त्यानं जांभई दिली.

निरोपाच्या वेळी थोरली वही घेऊन दाराशी, म्हणजे प्रवेशद्वार क्रमांक एक आणि दोनशी, उभी राहिली. अडतीस पाहुणे. एकोणीस जणांना पत्रिका 'एकदम हटके' वाटली. अकरा जणांनी डिझाइन मागून घेतलं. सात जणांनी शटल कुणाच्या डोक्यातून निघालं ते विचारलं, आणि शेजारच्या काकूंना शेवटपर्यंत रांग 'ब' सापडली नाही. नाव विचारणारे: शून्य. एरवी गोलरक्षकाला शून्यासारखा लाडका आकडा नसतो. तिनं तो लिहिला, त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि वही मिटली.

मग रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसून तिनं बाळाला अलगद मांडीवर पालथं घेतलं. खऱ्या जर्सीच्या पाठीवर नाव होतं. तिनंच परस्पर छापून आणलेलं, चार सेंटिमीटर, मोजून. तिनं ते दोनदा वाचलं. बाळानं मांडी ओली केली आणि नियम चारनुसार सामना थांबला.

या मंडळींना तुम्ही मघापासून हसताय. हसा. पण इतका वेळ तुम्हीही शटल, स्टंप आणि दात यांच्याच मागे होतात. नावाचं एक वेळ राहू द्या. बाळ मुलगा की मुलगी, हे तरी एकदा मनात आलं का? की खेळाची पत्रिका म्हटल्यावर मुलगाच धरून चाललात?