तेविसावी गोटी

"लिही," लालासाहेब म्हणाले. "सातारा जिल्ह्यातल्या गुन्हेगारांना दोनच गोष्टींची धास्ती. एक कायदा आणि दुसरा मी. त्यातला कायदा कधी कधी चुकतो."

मी लिहून घेतलं.

"नजर घारीची. कान सशाचे. नाक..." इथं ते अडले.

"कुत्र्याचं," मी सुचवलं.

"नाक स्वतःचं," ते म्हणाले. "आमच्या घराण्यात नाकाला फार जपतात."

आता खरं काय ते सांगतो, कारण वही माझ्या ताब्यात आहे. लालासाहेब म्हणजे साताऱ्यातल्या आमच्या सोडावॉटर कारखान्याचे वॉचमन. त्याआधी अठरा वर्षं पलटणीत होते. ते स्वतः 'मिलिटरी इंटेलिजन्स' म्हणतात, त्यांच्या घरातून 'भटारखाना' असं सांगतात. फाटकाशेजारच्या खोलीवर त्यांनी खडूनं 'खाजगी गुप्तहेर' असं लिहिलं होतं आणि खाली बारीक अक्षरात 'सोयरिकीची चौकशी करून मिळेल'. मी आकाराम. भरलेल्या बाटल्या मोजून खोक्यांत लावायचं माझं काम. सकाळी उशिरा आलो तरी फाटक उघडावं, एवढ्याच अपेक्षेनं मी त्यांचा सहायक झालो होतो.

तोवर आमच्या नावावर दोन प्रकरणं होती. पहिलं मालकांच्या हरवलेल्या छत्रीचं. ती मालकांच्या हातात सापडली. दुसऱ्याचा तपास अजून चालू आहे.

तिसरं अठ्ठ्याहत्तर सालच्या एप्रिलातलं. आमचा सोडा गोटीचा. बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी असते, आत वायू भरला की ती वर येऊन तोंड गच्च बंद करते. वायू जास्त झाला की बाटलीच फुटते. उन्हाळ्यात रोज चार-पाच फुटायच्या. माझी थोरली बहीण साळूबाई, जिला मी आक्का म्हणतो, ती भरायच्या यंत्रावर होती. होळीच्या आदल्या दिवशी बाटली फुटून काच तिच्या भुवईत घुसली. बोटभर खाली लागली असती तर डोळा गेला असता.

आम्ही तेवीस कामगार सांगलीच्या एका बर्फ आणि शीतपेय कामगार संघाचे सभासद होतो. आमच्या शाखेचे चिटणीस नाथाजी, म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणतो. मामांचं लेखी मराठी भारदस्त. आक्काच्या अपघातानंतर त्यांनी सांगलीला लिहिलं, 'कामगारांस ऋतुमानानुसार संरक्षक पेहराव मिळावा.' सांगलीच्या संघात बहुतेक सगळे बर्फवाले. संरक्षक पेहराव म्हटल्यावर त्यांना एकच वस्तू सुचते. त्यांनी मालकांशी दोन बैठका केल्या, एक कडक इशारा दिला आणि विजय मिळवला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, टाळू तापत असताना, आम्हा तेवीस जणांना लोकरीचे स्वेटर मिळाले.

"ह्ये घालून डोळा वाचंल व्हय?" आक्कानं मामांना विचारलं.

"प्रश्न तत्त्वाचा हाय," मामा म्हणाले. "संघटनेनं लढून मिळीवलंय."

"मग संघटनेलाच घाला."

तिथून ठिणगी पडली. निम्मे म्हणाले, सांगलीतनं फुटायचं आणि साताऱ्याचा स्वतःचा संघ काढायचा. निम्मे म्हणाले, राहायचं. आपण तेवीस माणसं, एकटे पडलो तर मालक ओळख तरी देईल का? मामांचं हे म्हणणं खोटंही नव्हतं. माझी अडचण वेगळी. घरात बायको, तानुबाई. तिचा बाप राहणाऱ्यांचा पुढारी, नणंद फुटणाऱ्यांची. रोज ताट वाढताना ती विचारायची, "तुमचं काय ठरलं?" मी म्हणायचो, "आज भाकरी मऊ झालीया."

शेवटी मतदान ठरलं. निम्म्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून कागदाऐवजी गोट्या. नव्या कोऱ्या तेवीस गोट्या, प्रत्येकाला एक. गोणपाटाच्या आडोशाला दोन मडकी. डाव्यावर घर रंगवलेलं, म्हणजे राहायचं. उजव्यावर बाटलीचे तुकडे, म्हणजे फुटायचं. गोटी वाजून गुपित फुटू नये म्हणून आत पेंढा. वॉचमन सभासद नसतो, तेव्हा निवडणूक अधिकारी लालासाहेब. मी यादीवर खुणा करायच्या आणि गोट्या वाटायच्या. लालासाहेबांनी आडोशाशेजारी उभं राहून 'फुटायचं का राहायचं, मनात ठरवा' असं मोठ्यानं सांगितलं. आमच्या कारखान्यात 'फुट' एवढं ऐकू आलं तरी माणूस आधी खाली वाकतो, त्यामुळे पहिले पाच-सहा जण मतदानाला वाकूनच गेले.

बारा वाजता मतदान संपलं. यादीत तेवीस नावं, तेवीस खुणा. लालासाहेबांनी मडकी पालथी केली. राहायचं, अकरा. फुटायचं, अकरा.

त्यांनी तीनदा मोजलं, तिसऱ्यांदा उलटं. मग जाऊन फाटकाला कुलूप घातलं.

"एक मत पळवलं गेलं आहे," ते म्हणाले. गुन्हा घडला की ते शुद्ध बोलतात.

"आमचंच पळीवलं आसणार," मामा म्हणाले.

"तुमचं कोन कशाला पळवतंय," आक्का म्हणाली. "आमचंच गेलं."

एका गोटीवर सगळं अडलं होतं. माणसं एकमेकांकडं अशी बघायला लागली की काल एकाच डब्यातलं कालवण खाल्लेली ती हीच, हे खरं वाटू नये. लालासाहेबांनी एकेकाचे खिसे तपासले. बिड्या, काडेपेट्या, चुन्याची डबी आणि एक कुलदैवताचा फोटो निघाला. गोटी नव्हती.

"आकाराम," ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "काडी लपवायची झाली तर माणूस कुठं लपवील?"

"गंजीत."

"आणि गोटी?"

उत्तर मला कळलं होतं आणि त्याचा परिणामही. आवारात कोरेगावच्या एका लग्नाच्या ऑर्डरच्या दोनशे चाळीस बाटल्या भरून तयार होत्या. लालासाहेबांनी एक उघडली. आत गोटी होती. त्यांनी माझ्याकडं अर्थपूर्ण बघितलं. दुसरी उघडली. तिच्यातही होती. यंत्र दुरुस्त करणारे नियाजभाई जवळ उभे होते. चाळिसाव्या बाटलीपर्यंत त्यांनी दम धरला.

"सायेब," ते अदबीनं म्हणाले, "गोटी सगळ्यात आस्ती."

"म्हणजे टोळी मोठी आहे."

"तसं न्हवं. बाटली करतानाच गोटी घालत्यात, मग गळा आवळत्यात. मागनं घालाय येत न्हाई."

"मागनं घालता येत नाही हे तुला कसं माहीत? प्रयत्न केला होतास?"

नियाजभाईंनी आभाळाकडं बघितलं आणि ते यंत्राला तेल द्यायला निघून गेले. लालासाहेबांनी वहीत 'पळ काढला' असं लिहायला लावलं. तोवर आणखी ऐंशी बाटल्या उघडून झाल्या होत्या.

उघडलेला सोडा वाया कशाला घालवायचा, म्हणून सगळ्यांनी पिला. सर्वांत जास्त पिला बिराप्पानं. हा आमचा हमाल, जतकडचा, अंगानं दांडगा. त्याच्या नऊ बाटल्या झाल्या. मग तो पोटावर हात ठेवून ओट्यावर बसला आणि त्यानं असा ढेकर दिला की फाटकाची साखळी हालली. लालासाहेब थबकले. त्याच्या पोटाला कान लावून पुष्कळ वेळ उभे राहिले.

"आत काहीतरी गडगडतंय," ते म्हणाले. "गोल आहे."

"सोडा हाय की," बिराप्पा म्हणाला.

"मत गिळलंस तू. ह्याला मिरजेला न्यायचा. मोठ्या दवाखान्यात फोटो काढायचा पोटाचा."

"मिरजंत माजी मावशी आस्ती," बिराप्पा म्हणाला. "चला की, कवा जायाचं?"

गुन्हेगार इतका खुशीत तयार झालेला बघून लालासाहेब जरा नाराज झाले. दुपारची गाडी निघून गेली होती. तोवर उपाय म्हणून त्यांनी पलटणीतलं औषध काढलं, केळी. अकरा केळी खाल्ल्यावर बिराप्पा म्हणाला, "आजून दोन मिळाली तर बरं हुईल. पुरावा हालाय लागलाय."

केळी संपली, पुरावा आला नाही. लालासाहेब पुन्हा मडक्यांकडं वळले आणि गुडघ्यावर बसले. उजव्या मडक्याच्या काठावर पिवळा डाग होता. डाव्यावरही होता. त्यांनी नखानं खरवडून वास घेतला.

"हळद," ते म्हणाले. "आणि हळद कुठली?"

"सांगलीची," सगळे म्हणाले.

"म्हणजे सांगलीचा हस्तक आपल्यात आहे. सगळ्यांनी रांगेत उभं राहा. हात पुढं करा."

आम्ही हात पुढं केले. लालासाहेब पहिल्या माणसाजवळ गेले. बोट पिवळं. "हा बघा," ते म्हणाले. दुसऱ्याचं बोट पिवळं. तिसऱ्याची दोन. ते चालत गेले तसतसा त्यांचा आवाज बारीक होत गेला. सगळी रांगच पिवळी होती. काच लागली की आम्ही हळद दाबतो आणि काच रोज कुणाला ना कुणाला लागते. आक्काच्या दोन्ही हातांची मिळून सात बोटं पिवळी होती. मामांचा अंगठाही. मामांनी आपल्या अंगठ्याकडं बघितलं, मग आक्काच्या हातांकडं. मग चष्मा काढून धोतरानं पुसत बसले.

"हे लिहू नको," लालासाहेब मला हळूच म्हणाले.

तेवढ्यात दगडाबाई किटली घेऊन फाटकावर आली. तिची चहाची गाडी फाटकासमोर. कुलूप बघून तिनं बाहेरूनच विचारलं, काय झालं. नियाजभाईंनी सांगितलं, एका माणसाची गोटी मडक्यात पोचलेली नाही.

"आन ह्या आकारामानं कवा टाकली?" दगडाबाई म्हणाली.

सगळे माझ्याकडं वळले.

"सकाळधरनं ह्यो कागद एका हातात धरून पाच येळा माज्याकडं आलाय. ह्या सायबाला च्या न्ह्यायाला. च्या न्हेला की पोरगा परत दारात येऊन नावं पुकारतोय. पडद्याआड गेल्याला मला काय दिसला न्हाई. माजी गाडी समोरच हाय."

मी यादी बघितली. अक्षरानुसार पहिलं नाव माझं. पेन चालतं का बघायला पहिली खूण मी माझ्याच नावापुढं केली होती. पहिली गोटी स्वतःसाठी काढून ठेवली होती. तेवढ्यात लालासाहेब म्हणाले होते, आधी चहा आण. मी खिशात हात घातला. तंबाखूच्या पुडीखाली गोटी होती. लालासाहेबांनी बावीस जणांचे खिसे तपासले होते. सहायकाची झडती घेतली तर गुप्तहेराचाच अपमान होतो, असं त्यांचं मत होतं.

खरंच सांगतो, मी विसरलो होतो. पण माणूस नेमकं काय विसरतो, तेही बघितलं पाहिजे.

"मला पहिल्यापासनं संशय होता," लालासाहेब म्हणाले.

"कुणावर?" नियाजभाईंनी विचारलं.

"सगळ्यांवर. त्यात हा आलाच."

आता माझं मत कुणापासून लपणार नव्हतं. बावीस माणसं समोर, त्यांत सासरा आणि बहीण. मी आडोशाकडं निघालो तेव्हा आक्का म्हणाली, "तुला काय वाटंल त्ये टाक. घरात मी एक सबूद बोलणार न्हाई." मामा अजून चष्माच पुसत होते.

मी गोणपाटाआड गेलो. तानुबाईचा चेहरा डोळ्यांपुढं आला. मग माझं लक्ष माझ्याच करंगळीकडं गेलं, तीही पिवळी. मी उजव्या मडक्यात हात घालून गोटी सोडली. पेंढ्यानं आवाज खाल्ला. तरी बाहेर सगळ्यांना ऐकू गेल्यासारखं मला वाटलं.

फुटायचं, बारा. राहायचं, अकरा. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. उद्या सकाळी त्याच अकरा जणांबरोबर काम करायचं होतं.

मामांनी माझ्याशी बोलणं सोडलं. रविवारी घरी आले की मुलीमार्फत बोलायचे. "तानू, तुज्या नवऱ्याला म्हनावं, मीठ सरकीव." मी मीठ सरकवायचो. तानुबाई दोघांकडंही बघायची नाही, पण भाकरी मात्र दोघांना सारख्या मोजून वाढायची.

इकडं नव्या संघाला चिटणीस मिळेना. मालक शेवटपर्यंत वाचतील असं पत्र कुणालाच लिहिता येत नव्हतं. एक दिवस आक्काच मामांच्या घरी गेली.

"आवं, चिटणीस तुमीच व्हा," ती म्हणाली. "फकस्त एक हाय. मी सांगीन तेवडंच लिवायचं."

मामांनी दोन दिवस विचार केला आणि पेन काढलं. पत्र असं होतं: 'डोळ्यांसाठी जाड काचेचे चष्मे पाहिजेत. स्वेटर नकोत.' खाली मामांनी 'कळावे, लोभ असावा' घातलं. तेवढं आक्कानं चालवून घेतलं. लालासाहेबांच्या तपासात लग्नाची निम्मी ऑर्डर उघडी पडल्यामुळं मालकांनाही कारखान्यात शांतता हवी होती. पंधरा दिवसांत चष्मे आले, मोटारसायकलवाले घालतात तसले. आले चोवीस. जास्तीचा एक लालासाहेबांनी वेषांतरासाठी ठेवून घेतला. तो घालून ते फाटकावर बसायचे आणि येणारा प्रत्येक माणूस त्यांना नावानं हाक मारायचा.

मेच्या शेवटच्या आठवड्यात मामा यंत्राशेजारी भरलेल्या बाटल्या बघत उभे होते. एक बाटली त्यांच्या तोंडासमोर फुटली. सगळे वाकले. उठून बघतो तर मामा तसेच उभे, सोड्यानं भिजलेले. त्यांनी कारखान्याचा तो जाड चष्मा काढला. डाव्या काचेला मधोमध चांदणीसारखी चीर गेली होती. त्यांनी ती उजेडाकडं धरून बघितली, धोतरानं पुसली आणि चष्मा परत घातला. मग ते खोक्यांजवळ आले, माझ्यासमोर उभे राहिले.

"पाव्हणं," ते म्हणाले. महिन्याभरात पहिल्यांदा.

"जी, मामा."

"येत्या ऐतवारी आमच्याकडं जेवाय या. आक्कास्नीबी घिऊन या."

"येतो," मी म्हणालो.

ते यंत्राकडं परत गेले. माझा आकडा चुकला होता. मी पुन्हा एकपासून मोजायला लागलो.