नेव्हिलची पेट्रोल वाचवणारी डबी

ऑस्ट्रेलियातल्या व्हायला गावच्या नेव्हिल ट्रेगेन्झाने निवृत्तीनंतर इंटरनेटवरून एक काडेपेटीएवढी डबी मागवली. गाडीतल्या लायटरच्या भोकात ती खुपसायची, तिचा हिरवा दिवा लुकलुकू लागतो आणि पेट्रोल पंचवीस टक्के कमी लागतं, असं खोक्यावर छापलेलं होतं. खोक्यांवर छापलेलं सगळं खरं असतं, असं नेव्हिलचं मत नव्हतं. पण आपण स्वतः निवडून आणलेल्या वस्तूच्या खोक्यावरचं खरं असायलाच हवं, असं मात्र होतं.

त्याचा मेहुणा लॉरी कौएल गावी राहायचा. तिथे त्याचं गॅरेज होतं आणि बाहेर पेट्रोलपंप. छत्तीस वर्षं गाड्यांखाली झोपून काढलेल्या या माणसाने फोनवर सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"त्यापेक्षा टाकीत चमचाभर साखर घाल," तो म्हणाला. "निदान काहीतरी फरक तर पडेल."

शेवटी असं ठरलं, की रविवारी लॉरीच्या बायकोच्या, डल्सीच्या साठाव्या वाढदिवसाला येताना नेव्हिलने टाकी गळ्यापर्यंत भरून निघायचं. पोचल्यावर लॉरी आपल्या हाताने ती पुन्हा भरणार. एरवी त्या रस्त्याला दहा लिटर लागत.

डबीवर नेव्हिलचा विश्वास होता, पण तिला एकटीला झेपेल की नाही याची खात्री नव्हती. म्हणून शनिवारी त्याने डिकीतून मासेमारीचं सामान काढलं. मग जॅक काढला. मग स्टेपनीही काढली. टायरमध्ये हवा जरा जास्तच भरली, कारण कडक टायर हलके पळतात असं त्याने कुठेतरी वाचलं होतं.

रविवारी उन्हाचा पारा एक्केचाळीसवर होता. टाकी भरून झाली, डबी लायटरच्या भोकात बसली. एसी पेट्रोल खातो म्हणून नेव्हिलने तो लावला नाही. काचा उघडल्या तर वारा अडतो म्हणून त्याही बंद. वेग सत्तरच्या वर जाऊ द्यायचा नाही, या जिद्दीने तो काट्यावरून नजर हलवत नव्हता. शेजारी मांडीवर भलीमोठी पिशवी घेऊन त्याची बायको बेरिल बसली होती. मागे अकरा गाड्यांची रांग लागली. त्यांतल्या एका ट्रकवाल्याने पुढे जाताना हाताने जी खूण केली, तशी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बेरिलने चाळीस वर्षांत पाहिली नव्हती.

कौएल अठरा किलोमीटरवर असताना तापलेल्या रस्त्यावर टम्म फुगलेला मागचा टायर फुटला.

"स्टेपनी काढ," बेरिल म्हणाली.

"ती घरी आहे."

"घरी काय करतेय?"

"वजन कमी करतेय."

बेरिल उतरून एका कमरेएवढ्या झुडपाच्या सावलीत जाऊन बसली. नेव्हिलने लॉरीला फोन केला. लॉरी पाऊण तासाने चाक घेऊन आला. स्टेपनीची चौकशी झाली, तेव्हा ती शेजाऱ्याने उसनी नेली आहे, असं नेव्हिलने सांगितलं. लॉरीने मान हलवली आणि चाक बसवलं.

पंपावर पोचल्यावर लॉरीने टाकी भरली. आकडा सातवर थांबला. त्याने पाईप झटकला आणि पुन्हा घातला. एक थेंब जास्त गेला नाही. मग त्याने गाडीखाली वाकून कुठून गळतंय का, ते पाहिलं. काहीच गळत नव्हतं.

जेवणाच्या टेबलावर डल्सीला शुभेच्छा देऊन झाल्यावर लॉरी उभाच राहिला. आपण आजवर नेव्हिलला मूर्ख समजत होतो, ते चुकीचं होतं, असं त्याने तीस पाहुण्यांसमोर कबूल केलं. गॅरेजसाठी दोन डझन डब्या सकाळीच मागवतो म्हणाला. नेव्हिलने बेरिलने घरून आणलेलं ट्रायफल, म्हणजे केक आणि क्रीमचं पुडिंग, तीनदा वाढून घेतलं.

परतीच्या वाटेवर बेरिलने पिशवीतून ती डबी काढून त्याच्यापुढे धरली.

"ही तुझ्याकडे कशी?"

"सकाळी गाव सोडायच्या आधीच काढली. तू एसी लावत नव्हतास. क्रीम नासलं असतं. तिच्या जागी मी पिशवीतल्या छोट्या फ्रीजची वायर लावली."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू काट्याकडे बघत होतास."

रात्री नेव्हिलला नीट झोप लागली नाही. लॉरी त्या डब्या आपल्या गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारणार, आणि तेही आपल्या शब्दावर, हे त्याला सहन होईना. सकाळी त्याने फोन करून सगळं कबूल केलं: स्टेपनी, हवा, एसी, सत्तरचा वेग. आणि सगळ्यात शेवटी, डबी लावलेलीच नव्हती, हेही.



"नेव्हिल, पाईप माझ्या हातात होता," लॉरी म्हणाला. "सात लिटर मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत."

"अरे, पण डबी पिशवीत होती."

"तेच म्हणतोय मी. नुसती पिशवीत असून तिने तीन लिटर वाचवले. लावली असती तर?"